मुंबई ते लंडन : वाट देणारे आणि वाट अडवणारे



लेक किंवा सून परदेशी असलेल्या घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तिकडं जायला किती तास लागतात गं?" गंमत म्हणजे उत्तर दोघींचं जुळत नाही. बाळंतपणाला लंडनला जाऊन आलेली एक आजी सांगते, साडेनऊ तास. दुसरी म्हणते, छे, आम्हाला तर जवळजवळ अकरा लागले. आणि तिसरी तिकीट काढून दाखवते. दुपारी दोनला मुंबई सोडली, संध्याकाळी साडेसहाला लंडन. म्हणजे साडेचारच तास की!

तिसरीचा घोटाळा आधी सोडवू, तो सोपा आहे. तिकिटावर निघायची वेळ आपल्या घड्याळातली असते आणि पोचायची तिथल्या. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यामागं साडेपाच तास असतं, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे त्या साडेसहाला आपल्याकडं मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. दोन ते बारा, दहा तास झाले. येताना हाच प्रवास तासभर कमी होतो, कारण विमान ज्या उंचीवरून जातं तिथं पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहत असतो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो.

पण साडेनऊ आणि अकरा यांतला फरक नुसत्या वाऱ्याचा नाही. त्यामागं जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगायचा आहे.

मुंबईचा विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांमधलं सरळ अंतर आहे सुमारे ७,२०० किलोमीटर. सरळ म्हणजे कसं? घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर तो घ्या. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या सपाट नकाशात तुम्हाला वाटेल की वाट अरबस्तानावरून, भूमध्य समुद्रावरून जाईल. पण गोलावर ताणलेला दोरा वर सरकतो. तो सौराष्ट्रावरून निघतो आणि बरोबर कराचीच्या डोक्यावरून जातो. पुढं इराण, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, आर्मेनिया आणि जॉर्जियाची सीमा, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेनचा पश्चिम भाग, चेक देशातलं प्राग, जर्मनी आणि मग लंडन.

ही नावं पुन्हा एकदा मनात म्हणा. कराची, इराण, क्रिमिया, युक्रेन. बातम्या ऐकणाऱ्या कुठल्याही बाईच्या लक्षात येईल की दोरा सरळ असला तरी वाट सरळ राहणं अवघड आहे.

आधी थोडं समुद्रातून जाऊ. सुएझचा कालवा १८६९ साली उघडला. त्यापूर्वी मुंबईची बोट आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून लंडनला जायची, सुमारे २० हजार किलोमीटर. कालव्यामुळं तेच अंतर ११,६०० वर आलं. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या या कालव्यातून. बरोबर दोन वर्षांची मनोरमा. त्या प्रवासाविषयी त्यांनी मराठीत लिहिलं, 'इंग्लंडचा प्रवास' या नावानं, आणि ते त्याच वर्षी छापलं गेलं. सहा वर्षांनी, १८८९ मध्ये, रखमाबाई डॉक्टरकी शिकायला लंडनला गेल्या. नवऱ्याकडं नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात उभ्या राहिलेल्या त्याच रखमाबाई. दोघींच्या काळी बोटीला तीन-चार आठवडे लागायचे, आणि पत्रालाही फार कमी नाही. घरी कुणी गेलं तर तारेनं दोन शब्द कळत. कसं झालं, शेवटी काय बोलली, हे सगळं पत्रातून. ते पत्र हातात पडेपर्यंत इकडं तेरावं कधीच होऊन गेलेलं असे. परत यायचा तर प्रश्नच नव्हता. तासांचा हा सगळा हिशोब कशासाठी करायचा, तर यासाठी. आजही परदेशातली लेक फोनवर पहिलं विचारते ते हेच, "मी पोचेन का?"

विमानाची सोय झाली १९२९ साली. मार्चच्या ३० तारखेला इम्पीरियल एअरवेज या इंग्रज कंपनीचं लंडन ते कराची पहिलं उड्डाण निघालं. मुंबई नव्हे, कराची. सात दिवस लागायचे आणि तिकीट होतं १३० पौंड. आता ऐका हा विमानप्रवास कसा होता. लंडनहून स्वित्झर्लंडच्या बाझल शहरापर्यंत विमान. तिथं उतरून आगगाडीत बसायचं आणि इटलीतल्या जेनोवाला जायचं. तिथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं इजिप्त, आणि मग दुसऱ्या विमानानं इराक, इराण करत कराची.

मध्येच आगगाडी कशाला? त्या काळच्या विमानांना आल्प्स जड जात होता हे खरंच. पण आणखी एक कारण होतं. फ्रान्सच्या बाजूनं येणाऱ्या विमानांना इटली आपल्या आकाशात येऊ देत नव्हती. भांडण इटली-फ्रान्सचं आणि पेट्या उचलून रेल्वेत चढायचं ते हिंदुस्थानला निघालेल्या उतारूंनी!

पुढं आणखी एक नकार होता. इंग्रजांची विमानं इराणच्या किनाऱ्यानं यायची. इराणच्या सरकारनं ही परवानगी मुदतीची दिली होती आणि १९३२ साली ती संपली. इंग्रज साम्राज्य तेव्हा केवढं मोठं, पण इराणच्या नकारापुढं त्यांनाही वाट बदलावी लागली. आखाताच्या पलीकडचा अरबी किनारा धरला, आणि उतरायला जागा शोधली ती शारजाला. वाळूत धावपट्टी आणि शेजारी उतारूंना रात्री राहण्यासाठी जाड भिंतींची गढीवजा इमारत. आज ती 'अल महत्ता' नावाचं संग्रहालय आहे आणि जुनी धावपट्टी शहरातला रस्ता होऊन गेली आहे. त्या भागात तेव्हा नाणं चालायचं ते आपला रुपया. आज आपल्या गावागावांतली माणसं ज्या शारजा-दुबईला कामाला जातात, तिथं विमानं उतरायला लागली ती इराणनं वाट नाकारली म्हणून.

याच सुमारास एका मुलीनं हा प्रवास एकटीनं केला. तिचं नाव एमी जॉन्सन. वय २६, लंडनमध्ये वकिलांच्या कचेरीत टायपिंग करणारी. विमान चालवायला शिकली होती, पण तोवर मोठ्यात मोठं उड्डाण केलं होतं ते लंडनहून इंग्लंडमधल्याच हल या आपल्या गावापर्यंत. वडिलांनी मदत केली, एका उमरावानं उरलेले पैसे घातले, आणि तिनं जुनं, वापरलेलं विमान घेतलं. ५ मे १९३० ला ती ऑस्ट्रेलियाला निघाली. तिची वाट बघा. व्हिएन्ना, इस्तंबूल, अलेप्पो, बगदाद, बंदर अब्बास, कराची. आपल्या दोऱ्याच्या बरीच जवळची. बगदादच्या अलीकडं वाळूच्या वादळात सापडून तिला वाळवंटात उतरावं लागलं. विमान वाऱ्यानं सरकू नये म्हणून तिनं आपलं सामान चाकांना लावलं आणि पिस्तूल हाताशी धरून वादळ थांबायची वाट पाहिली. सहाव्या दिवशी ती कराचीत पोचली. इतक्या कमी दिवसांत इंग्लंडहून कराचीला एकट्यानं कुणीच आलं नव्हतं, पुरुषसुद्धा नाही. तिथून पुढं इंधन संपत आलं तेव्हा ती उतरली कुठं, तर आपल्या झाशीत, लष्कराच्या परेडच्या मैदानावर! झाशीकरांनी त्या दिवशी काय पाहिलं असेल याची कल्पना करायला मला फार आवडतं.

कराचीपर्यंत विमान आलं, पण मुंबईचं काय? ते काम १५ ऑक्टोबर १९३२ ला झालं. जेआरडी टाटा सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीहून एकट्यानं निघाले. लहानसं एका इंजिनाचं विमान, आत २५ किलो टपाल. वाटेत अहमदाबादला इंधन भरलं. इंधनाचे डबे विमानापर्यंत आले ते बैलगाडीतून. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. जुहूचा तळ समुद्राशेजारचा आणि मातीचा. पावसाळ्यात तिथं नुसता चिखल. म्हणून पावसाचे महिने ही टपालसेवा पुण्याहून चालायची. हे सांगितलं की पुणेकर खूश होतात.

आता महायुद्धाच्या शेवटाकडं येऊ. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोत पन्नासेक देशांनी एकत्र बसून आकाशाचे नियम ठरवले. त्यातला पहिलाच नियम असा की प्रत्येक देशाच्या जमिनीवरचं आकाश त्या देशाच्या मालकीचं. परवानगीशिवाय कुणी यायचं नाही. परवानगी देणारे देश वाट दाखवण्याची फी घेतात. सोव्हिएत संघ त्या बैठकीला आलाच नाही, आणि त्याचं आकाश परक्यांना बंदच राहिलं. तेव्हा क्रिमिया आणि युक्रेन सोव्हिएत संघातच होते. आपला दोरा तिथंच तुटला.

त्यामुळं स्वतंत्र भारताचं पहिलं विमान लंडनला निघालं ते दुसऱ्या वाटेनं. तारीख ८ जून १९४८. एअर इंडिया इंटरनॅशनल कंपनी स्थापन होऊन तीनच महिने झाले होते. विमानाचं नाव 'मलबार प्रिन्सेस', चार पंख्यांचं, कप्तान के. आर. गुझदर, आत ३५ प्रवासी आणि त्यांत स्वतः जेआरडी. मुंबईहून कैरो, कैरोहून जिनिव्हा, तिथून लंडन. दर मंगळवारी एक फेरी. या वाटेनं अंतर होतं सुमारे ८ हजार किलोमीटर, म्हणजे दोऱ्यापेक्षा ७००-८०० किलोमीटर जास्त. तासाला पाचशेच्या आसपास वेग धरला तर हवेतलेच सोळा-सतरा तास, आणि दोन ठिकाणी इंधनासाठी थांबणं वेगळं. तिकीट १,७२० रुपये. शाळामास्तरांच्या पगारात बसणारी ही गोष्ट नव्हती. तरी विचार करा, रखमाबाईंना लागलेले तीन-चार आठवडे आता एका दिवसावर आले होते.

जिनिव्हाच्या या वाटेनं दोनदा मोठा घास घेतला. ३ नोव्हेंबर १९५० ला तेच 'मलबार प्रिन्सेस' जिनिव्हाला उतरायच्या आधी मों ब्लां या आल्प्समधल्या सर्वांत उंच डोंगरावर आदळलं. ४८ जण गेले. त्यांतले बहुतेक हौशी प्रवासी नव्हते, श्रीमंत तर नव्हतेच. ते होते हिंदी खलाशी. इंग्लंडच्या बंदरात त्यांची बोट थांबली होती, तिच्यावर कामाला लवकर पोचावं म्हणून त्यांना विमानानं नेत होते. ज्यांची सगळी हयात समुद्रावर गेली ती माणसं बर्फाच्या डोंगरावर संपली. २४ जानेवारी १९६६ ला जवळपास त्याच जागी 'कांचनजंगा' हे विमान आदळलं आणि ११७ जण गेले. त्यात डॉ. होमी भाभा होते, म्हणून हा अपघात आपल्याला माहीत आहे. पहिला कुणी सांगत नाही. बर्फ वितळतो तशा त्या विमानातल्या वस्तू अजूनही खाली येतात. २०१२ साली सरकारी टपालाची एक पिशवी सापडली. २०२० मध्ये वर्तमानपत्रं सापडली, त्यांवर ठळक बातमी होती इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची.

मधल्या काळात, १९६० साली, जेट विमानं आली होती. बोइंग ७०७ तासाला नऊशे किलोमीटरच्या आसपास उडायचं, जुन्या पंख्यांच्या विमानाच्या जवळजवळ दुप्पट. आता एक गोष्ट सांगते ती बहुतेकींना खोटी वाटेल. आजचं नवंकोरं विमान त्या १९६० च्या विमानापेक्षा वेगवान नाही. पासष्ट वर्षांत वेग तिथंच आहे. विमान मोठं झालं, इंधन कमी लागायला लागलं, आवाज कमी झाला आणि मधे न थांबता एका दमात लंडन गाठता यायला लागलं. जे तास वाचले ते थांबे गेल्यामुळं. त्यामुळं आता तास कमी-जास्त व्हायला एकच मोठं कारण उरतं, आणि ते म्हणजे वाट.

आवाजाहून वेगानं उडणारं कॉनकॉर्ड आलं होतं, पण त्याची गत काय झाली? १९७७ साली ते लंडनहून बहरीनमार्गे सिंगापूरला जाऊ लागलं. मलेशियानं आवाजाच्या तक्रारीवरून तीन फेऱ्यांतच ते बंद पाडलं. आणि आपण, म्हणजे भारतानं, आमच्या आकाशात त्या वेगानं उडू देणार नाही असं सांगितलं. थोड्याच वर्षांत, १९८० मध्ये, ती सेवा संपली.

वाट अडवणारे नेहमी दुसरेच असतात असं नाही, हे नीट लक्षात यावं म्हणून १९७१ ची गोष्ट. जानेवारीच्या शेवटी 'गंगा' नावाचं आपलं विमान पळवून लाहोरला नेलं आणि तिथं जाळलं. फेब्रुवारीत भारतानं पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. तेव्हा पाकिस्तानचे दोन भाग होते, मधे आपण. कराची ते ढाका सरळ अंतर तेवीस-चोवीसशे किलोमीटर. बंदीनंतर त्यांना सगळा भारत टाळून, श्रीलंकेला वळसा घालून जावं लागलं. अंतर दुपटीच्याही वर गेलं. त्या वर्षी ढाक्यात पुढं जे घडलं ते आपल्याला ठाऊक आहे. एका देशाचे दोन तुकडे जोडणारी हवेतली वाट शेजाऱ्यानं बंद केली तर काय होतं, ते त्या वळशात दिसतं.

२०१९ साली तसा वळसा आपल्या वाट्याला आला. बालाकोटनंतर पाकिस्ताननं २७ फेब्रुवारीला आकाश बंद केलं ते १६ जुलैपर्यंत. कराचीवरून जाणारा दोरा बंद. दिल्लीकरांना याचा फटका मुंबईकरांपेक्षा जास्त बसला, कारण मुंबईच्या विमानाला अरबी समुद्र मोकळा असतो. दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातकडं खाली यायचं आणि मग पश्चिमेला वळायचं. जुलैच्या सुरुवातीपर्यंत एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटींचं नुकसान झाल्याचं सरकारनं राज्यसभेत सांगितलं. ते पैसे कुठून निघतात? तिकिटातून, म्हणजे तुमच्या-आमच्या लेकींच्या खिशातून.

२४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला आणि त्या दिवसापासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. दोऱ्याचा आणखी एक तुकडा गेला. रशियानं युरोपच्या विमानांना बंदी केली, आणि फिनलंडहून जपानला नऊ तासांत जाणारं विमान उत्तर ध्रुवावरून तेरा तास घेऊन जाऊ लागलं. तिथल्या प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र देतात म्हणे. चार तास जास्त बसवल्याबद्दल कागद!

मग २०२५. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिलला पाकिस्ताननं आपल्या विमानांना पुन्हा आकाश बंद केलं, ३० तारखेला आपण त्यांना केलं, आणि दोन्हीकडून महिन्या-महिन्यानं मुदत वाढत गेली. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली. मुंबई-लंडनची वाट समुद्रावरून आणि पुढं पश्चिम आशियावरून चालूच होती, फक्त जरा लांब. ज्या आजीला अकरा तास लागले तिची तारीख विचारा, बहुधा अशाच एखाद्या बंदीच्या दिवसांतली निघेल.

१३ जून २०२५ ला पहाटे मुंबईहून लंडनचं विमान नेहमीसारखं निघालं. आदल्याच दिवशी अहमदाबादला लंडनच्याच विमानाचा भीषण अपघात झाला होता, तेव्हा आत बसलेल्यांच्या आणि घरी राहिलेल्यांच्या मनाची स्थिती काय असेल ते मी सांगायला नको. त्याच पहाटे इस्रायलनं इराणवर हल्ला केला आणि इराणचं आकाश बंद झालं. विमान वाटेतून वळवलं. सुमारे तीन तास हवेत राहून ते प्रवासी पुन्हा मुंबईच्याच धावपट्टीवर उतरले.